हृदय थांबलं तेव्हा काय दिसलं?

मृत्यूच्या उंबरठ्यावरून परत आलेल्या माणसांचे अनुभव, म्हणजेच मृत्यूसमीप अनुभव, हा या वेळचा विषय. प्रश्न खूप आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि विचारणाऱ्यांची नावं काढून टाकली आहेत. उत्तरं अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न (सांगली) : वडील ६८ वर्षांचे. हॉस्पिटलातच हृदय बंद पडलं, शॉक देऊन परत आणलं. तिसऱ्या दिवशी ते सांगायला लागले की दोन धिप्पाड माणसं दंडाला धरून घेऊन गेली, पुढे एक जण वही घेऊन बसला होता, तो म्हणाला, ‘हा नव्हे, याला सोडून या.’ भाऊ म्हणतो डोक्यावर परिणाम झाला. शेजारी म्हणतात देवऋष्याकडे न्या. आम्ही काय करावं?

उत्तर : आधी त्यांचं पूर्ण ऐकून घ्या. हसू नका, मध्ये तोडू नका आणि ‘मग यम दिसला का?’ असं तोंडात शब्द घालूही नका. ‘काय झालं ते पहिल्यापासून सांगा’ एवढंच म्हणा. ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, वर तारीख आणि वेळ घाला. पंधरा दिवसांनी पाहुणे येऊन चार प्रश्न विचारून गेले की मूळ आठवण आणि नंतर चिकटलेलं यांची सरमिसळ होते. ती पुन्हा वेगळी करता येत नाही.

भावाची शंका मात्र अगदीच चुकीची नाही. आयसीयूतून बाहेर आलेल्या वयस्कर माणसाला भ्रम होणं फार नेहमीचं आहे. फरक ओळखता येतो. भ्रमात माणूस आत्ता, या क्षणी गोंधळलेला असतो. सकाळी बरा, संध्याकाळी बिघडलेला, सलाईनची नळी ओढणारा, ‘नर्स मला विष देतेय’ म्हणणारा. वार कुठला, आपण कुठे आहोत, हे धड सांगता येत नाही आणि गोष्ट दर वेळी वेगळी येते. मृत्यूसमीप अनुभव सांगणारा माणूस सांगताना शुद्धीवर असतो. नातवाला ओळखतो, हिशेब सांगतो, आणि झालेली गोष्ट आज जशी सांगतो तशीच आठ दिवसांनीही सांगतो. भ्रम वाटला तर डॉक्टरांना लगेच कळवा, कारण त्यामागे रक्तातलं सोडियम उतरणं, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं, रोजची दारू एकदम बंद होणं असं काहीतरी उपचार करण्याजोगं असतं. चष्मा, कानाचं यंत्र, समोर घड्याळ आणि दिवसाचा उजेड यांनीही भ्रम बराच आवरतो.

वडिलांचा अनुभव दुसऱ्या प्रकारातला वाटतो. त्यासाठी वेड लागल्याचं औषध लागत नाही आणि देवऋषीही लागत नाही. मात्र काही आठवड्यांनी ते गप्प गप्प राहू लागले, जेवण तुटलं किंवा ‘तिकडेच बरं होतं, परत कशाला आणलंत’ असं वारंवार म्हणू लागले, तर ते सहज घेऊ नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

प्रश्न (पुणे) : हृदय चार मिनिटं बंद होतं, म्हणजे तो माणूस मेलेलाच होता ना? मग मेलेल्या माणसाने पाहिलं, असंच म्हणायला हवं.

उत्तर : या एका शब्दावर निम्मा वाद उभा आहे. हृदय आणि श्वास थांबले की डॉक्टर त्याला क्लिनिकल मृत्यू म्हणतात. ती एक अवस्था आहे आणि काही मिनिटांत हालचाल केली तर तिथून परत फिरता येतं. हृदय थांबल्यावर साधारण १० ते २० सेकंदांत ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी टिपणाऱ्या यंत्राची, रेघ सपाट होते. चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींना कायमची इजा व्हायला लागते. ‘व्हायला लागते’ हे शब्द महत्त्वाचे, कारण त्या मिनिटाला सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत.

मेंदूमृत अवस्था ही पूर्ण वेगळी गोष्ट. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करतं. व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवून स्वतःचा श्वास येतो का, तेही पाहिलं जातं. असा रीतसर ठरवलेला मेंदूमृत माणूस परत येत नाही. मृत्यूसमीप अनुभव सांगणारं कुणीही या दुसऱ्या अवस्थेतून आलेलं नाही. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ ही आपली म्हण वैद्यकीयदृष्ट्याही नेमकी बसते.

प्रश्न (नाशिक) : छताजवळून स्वतःचं शरीर पाहिलं, डॉक्टर काय करत होते ते बरोबर सांगितलं, असं अनेक जण म्हणतात. याहून आत्म्याचा मोठा पुरावा कोणता? कुणी तपासून पाहिलंय का?

उत्तर : पाहिलंय, आणि चिकाटीने. कसं पाहिलं ते नीट समजून घेतलंत तर पुढे कुठलीही अशी गोष्ट ऐकताना काय विचारायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

गोष्टी कुठे घसरतात ते आधी बघा. १९७७ साली अमेरिकेत सिएटलच्या एका हॉस्पिटलात हृदय बंद पडून वाचलेल्या एका बाईने सांगितलं की आपण तरंगत बाहेर गेलो तेव्हा वरच्या मजल्यावर खिडकीबाहेरच्या कठड्यावर एक बूट दिसला. सामाजिक कार्यकर्तीने जाऊन पाहिलं तर बूट खरंच होता. ही गोष्ट जगभर गेली. पुढे १९९०च्या दशकात काही अभ्यासकांनी त्याच इमारतीत तसाच बूट ठेवून पाहिला. तो खाली जमिनीवरूनही दिसत होता आणि खोलीच्या आतूनही. म्हणजे कुणी बोलताना ते बाईंच्या कानावर पडणं अशक्य नव्हतं. शिवाय ही हकीकत सविस्तर छापली गेली ती काही वर्षांनी. बाई खोटं बोलल्या असं यातून निघत नाही. दुसरी वाट उघडी होती आणि ती कुणी वेळेवर बंद केली नाही, एवढंच निघतं.

ती वाट बंद करायला अतिदक्षता तज्ज्ञ डॉ. सॅम पार्निया यांच्या गटाने अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रियातल्या १५ हॉस्पिटलांत जिथे हृदय बंद पडण्याचे प्रसंग जास्त येतात तिथे उंचावर फळ्या लावल्या. फळीवर चित्र ठेवलं, ते फक्त छताकडून खाली पाहिलं तरच दिसणारं. कल्पना साधी, पण प्रत्यक्षात काय झालं? २०६० रुग्णांचं हृदय बंद पडलं, त्यांतले ३३० वाचले, मुलाखत देण्याइतके बरे १४० झाले आणि सविस्तर बोलणं झालं १०१ जणांशी. त्यांपैकी ९ जणांचा अनुभव मृत्यूसमीप अनुभवात मोडला. आजूबाजूचं पाहिल्या-ऐकल्याचं स्पष्ट आठवणारे उरले दोन. आणि हे दोघंही जिथे कोसळले तिथे फळीच नव्हती! माणूस ठरलेल्या खाटेवर कोसळत नाही, जिन्यात कोसळतो, तपासणीच्या खोलीत कोसळतो. एकूण प्रसंगांतले सुमारे ७८ टक्के फळी नसलेल्या जागीच घडले.

त्या दोघांतल्या एकाचं वर्णन पडताळता आलं. ५७ वर्षांच्या या माणसाने खोलीतल्या माणसांचं वर्णन केलं आणि शॉक देणाऱ्या यंत्राचा आवाज दोनदा ऐकल्याचं सांगितलं. नोंदींशी ते जुळलं, आणि दोन शॉकमधलं अंतर धरून संशोधकांनी त्याची जाणीव तीन मिनिटांपर्यंत टिकली असावी असा अंदाज बांधला. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. ही खरोखर विचार करायला लावणारी नोंद आहे. ज्यांना हा विषय थोतांड वाटतो त्यांनी ती बाजूला सारू नये.

दुसऱ्या फेरीत फळीऐवजी रुग्णाजवळ टॅबलेट आणि कानाला हेडफोन लावले आणि डोक्याला ईईजी जोडला. ५६७ रुग्ण, ५३ वाचले, २८ जणांच्या मुलाखती झाल्या आणि ११ जणांना काही ना काही आठवत होतं. पडद्यावरचं चित्र कुणालाही सांगता आलं नाही. कानात ऐकवलेली फळांची नावं एकाने ओळखली. २०२३ साली हे छापून आलं. काही रुग्णांत छातीवर दाब देणं चालू असताना, ३५ ते ६० मिनिटांनंतरसुद्धा, मेंदूच्या लहरी जवळजवळ नेहमीसारख्या होत असल्याचंही त्यात दिसलं.

याचा अर्थ असा घ्यावा लागतो. कान जागा राहू शकतो. डोळ्यांनी वरून पाहिल्याचा ठाम पुरावा अजून एकदाही हाती लागलेला नाही. छातीवर नीट दाब दिला तर हृदय नेहमीच्या साधारण २५ ते ३० टक्के रक्त ढकलतं, आणि काही रुग्णांना दाब चालू असतानाच शुद्ध येते, दाब थांबला की जाते. ऐकलेल्या आवाजांवरून, स्पर्शावरून मन खोलीचं चित्र उभं करू शकतं. उजव्या मेंदूच्या कानामागच्या भागाला बारीक विजेचा झटका दिल्यावर आपण वरून खाली पाहतो आहोत असं रुग्णाला वाटतं, हे स्वित्झर्लंडमध्ये डॉ. ओलाफ ब्लांके यांच्या गटाला २००२ साली आढळलं.

शेवटचा मुद्दा वेळेचा, आणि सगळ्यात अवघड तोच. रुग्ण सांगतो ते शुद्धीवर आल्यानंतर. अनुभव आला कधी? कोसळताना, रेघ सपाट असताना, दाब चालू असताना, की भानावर येताना? आठवणीवर घड्याळाचा शिक्का नसतो. म्हणून बाहेरच्या घड्याळाशी बांधता येईल अशी खूण लागते. घरी असं काही घडलं असेल तर हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून केसपेपरची प्रत मागा. ७२ तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यात हृदय बंद पडल्याची वेळ, शॉक किती आणि कधी दिले, अॅड्रेनलिनची इंजेक्शनं, हृदय परत सुरू झाल्याची वेळ हे असतं. पण क्रम पाळा. आधी रुग्णाचं बोलणं लिहून, तारीख घालून बाजूला ठेवा आणि मगच कागद उघडा. उलटं केलंत तर त्या नोंदीला अर्थ उरत नाही.

प्रश्न (ठाणे) : मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की भास होतात. एवढं साधं कारण असताना इतकी चर्चा कशाला?

उत्तर : काही भाग या कारणाने छान उलगडतो. लढाऊ विमानांच्या वैमानिकांना गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवतात तेव्हा डोक्याकडे जाणारं रक्त कमी होतं, आधी नजरेच्या कडा काळवंडतात आणि मधला उजेड उरतो. अनेक जण सांगतात तो बोगदा हाच. बेशुद्धीच्या त्या थोड्या सेकंदांत काहींना तरंगल्यासारखं वाटतं, घरची माणसं दिसतात.

पण पुढे गाडी अडते. ऑक्सिजन कमी पडला की माणूस गोंधळतो, त्याला सलग आठवत नाही. इथे उलट घडतं. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या अभ्यासात या अनुभवांच्या आठवणी खऱ्या घटनांच्या आठवणींपेक्षाही जास्त तपशीलवार निघाल्या. नेदरलँड्सचे हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी दहा हॉस्पिटलांतले ३४४ रुग्ण तपासले, २००१ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापलं गेलं. सगळ्यांचंच हृदय बंद पडलेलं, तरी अनुभव सांगितला ६२ जणांनी, म्हणजे १८ टक्क्यांनी. हृदय किती वेळ बंद होतं किंवा औषधं कुठली दिली, याच्याशी त्याचा संबंध लागला नाही. ऑक्सिजन हेच एकमेव कारण असतं तर उरलेल्या २८२ जणांना का काही दिसलं नाही?

रसायनांचा पुरावा जास्त वजनदार आहे. केटामाइन हे भुलीचं औषध घेतलेल्यांची वर्णनं या अनुभवांशी फार जुळतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डीएमटी हे भास घडवणारं रसायन दिलेल्या १३ जणांना ग्रेसन यांची प्रश्नावली भरायला दिली, तेराही जण मृत्यूसमीप अनुभवाच्या रेषेच्या वर गेले. (मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांची ही १९८३ची प्रश्नावली. १६ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, सात किंवा जास्त आले की अनुभव त्या वर्गात. अनुभव किती गहिरा होता हे त्यावरून कळतं, खरा की खोटा हे कळत नाही.) मिशिगन विद्यापीठात मेंदूसंशोधक जिमो बोर्जिगिन यांना मरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हृदय थांबल्यावर ३० सेकंदांच्या आत वेगवान गॅमा लहरींची लाट दिसली. २०२३ साली व्हेंटिलेटर काढलेल्या चार रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या, दोघांत तशीच लाट होती. ते दोघंही गेले, तेव्हा त्यांना काही दिसलं का हे विचारायची सोय नाही. लाट सापडली पण तिच्यासोबतचा अनुभव सापडला नाही, आणि अनुभव सांगणाऱ्यांच्या मेंदूतली लाट कुणी मोजलेली नाही. हे दोन्ही एकाच माणसात मिळेपर्यंत ‘साधं कारण’ हे शब्द आम्ही वापरणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : परदेशातल्या लोकांना बोगदा आणि प्रकाश दिसतो, आपल्याकडे यमदूत. दोन्हीकडचा परलोक वेगळा कसा?

उत्तर : हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत मोलाचा वाटला. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातल्या १६ अनुभवांचा अभ्यास छापला. त्यात ठरावीक सूत्र वारंवार येतं. न्यायला कुणीतरी येतं, वही घेतलेल्या माणसापुढे उभं करतं, नोंद पाहिल्यावर चूक कळते, न्यायचा माणूस दुसराच असतो, आणि याला परत पाठवलं जातं. सांगलीच्या वडिलांनी जे सांगितलं ते थेट या सूत्रात बसतं. अमेरिकन माणूस बहुधा बायको-मुलांच्या ओढीने परत फिरतो. तिकडे आयुष्याचा पट डोळ्यांसमोरून सरकतो, इकडे तो वहीत लिहिलेला असतो. शरीराबाहेर जाऊन स्वतःला पाहणं भारतीय वर्णनांत क्वचितच येतं.

चित्रगुप्ताची वही आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकतो, कॅलेंडरवर पाहतो. मरणाच्या दारात मन चेहरे आणि वस्तू आपल्या घरातूनच उचलतं, असं मानायला भरपूर आधार आहे. म्हणून वही दिसली यावरून तिकडे वही आहे असं सिद्ध होत नाही, तसंच बोगदा दिसल्याने बोगदाही. पण वेश उतरवल्यावर खाली जे उरतं ते दोन्हीकडे सारखं आहे. आपण इथून निघालो, कुणीतरी भेटलं, एक हद्द आली आणि तिथून माघारी यावं लागलं. हा सांगाडा माणसाच्या मेंदूच्या घडणीतून येतो की पलीकडे खरंच काही असल्यामुळे, हा प्रश्न उघडा आहे. श्रद्धा असलेल्याने हा अनुभव श्रद्धेला आधार म्हणून घ्यावा, त्यात गैर काही नाही. परलोकाचा सिद्ध झालेला पुरावा म्हणून मात्र तो दुसऱ्यापुढे ठेवू नये.

याच संदर्भात ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांची हकीकत सांगायला हवी. कट्टर निरीश्वरवादी. १९८८ साली घास अडकून त्यांचं हृदय चार मिनिटं थांबलं. परत आल्यावर त्यांनी लिहिलं की एक झगझगीत, डोळ्यांना दुखवणारा लाल प्रकाश दिसला आणि विश्वाचा कारभार त्याच्याकडे आहे असं जाणवलं. देव मानायला ते लागले नाहीत. पण मरणानंतर काही नाही या मताबद्दलचा आपला ताठरपणा सैल झाला, असं त्यांनी कबूल केलं.

प्रश्न (रत्नागिरी) : बाळंतपणात रक्तस्राव होऊन मी जवळजवळ गेले होते. मला प्रकाश नाही, काळोख आणि किंकाळ्या आल्या. मी इतकी पापी आहे का?

उत्तर : नाही, ताई. असे भीतिदायक अनुभव जगभर नोंदले गेले आहेत आणि ग्रेसन यांनी १९९२ साली त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. सज्जनाला प्रकाश आणि दुर्जनाला काळोख असा हिशेब कुठल्याही अभ्यासात निघालेला नाही. बायका-पुरुष हे अनुभव लाजेने लपवतात, म्हणून ते कमी ऐकू येतात. अचानक रक्तदाब उतरणं, अर्धवट भूल, आजूबाजूची धावपळ आणि आवाज, एवढ्यानेही असं दृश्य उभं राहू शकतं. झोपेत तेच परत दिसत असेल, हॉस्पिटलचा वास आला की छातीत धडधडत असेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर समुपदेशनाने यातून नक्की बाहेर पडता येतं. एकटीने सोसू नका. ही गोष्ट घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला आजच सांगा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : श्वास रोखून किंवा कुठलं औषध घेऊन हा अनुभव मुद्दाम घेता येतो का?

उत्तर : तसा प्रयत्न करू नका. श्वास कोंडण्याच्या खेळात मुलं मेली आहेत, आणि वर सांगितलेल्या प्रयोगात डीएमटी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं होतं.

प्रश्न (अकोला) : मी आयसीयूत नर्स आहे. हे सगळं वाचून आमच्या कामात काय बदलावं?

उत्तर : कामाचा क्रम तोच ठेवा. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, मध्ये थांबणं कमीत कमी. कुठलाही अनुभव सांगायला माणूस आधी वाचायला हवा.

बदलायचं ते बोलणं. ‘हा काही वाचत नाही’, ‘बिल कोण भरणार’, ‘पुढच्या खाटेचं बघा’ ही वाक्यं कोसळलेल्या माणसाच्या डोक्याशी बोलू नका, कान जागा असू शकतो. रुग्णाला नावाने हाक मारा. ‘काका, आम्ही इथेच आहोत, छातीवर दाब देतोय, थोडं दुखेल’ असं एक जण म्हणत राहिला तर कामात काही अडत नाही. दाब चालू असताना रुग्णाने हात हलवला, डोळे उघडले तर घाबरून दाब सोडू नका. नाडी तपासायच्या ठरलेल्या वेळेलाच थांबा आणि डॉक्टरांना सांगा, गुंगीचं औषध द्यायचं का ते ते ठरवतील.

रुग्ण वाचला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नातेवाईक नसताना, खुर्ची ओढून बसा आणि विचारा, ‘मधल्या वेळातलं काही आठवतं का?’ बरेच जण ‘नाही’ म्हणतील, तिथे थांबा. एखादा तुमच्याकडे बघत गप्प राहील. घाई करू नका. तो दाराकडे एकदा पाहील, आवाज खाली आणेल आणि विचारेल, ‘सिस्टर, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?’ त्याची परवानगी घ्या, शब्द जसेच्या तसे नर्सिंग नोटमध्ये लिहा, वेळ घाला आणि सही करा.